घरचा कुत्रा, घरातली मुलं आणि चावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीला पंधरा-वीस दिवस उरले की माझा फोन वाजायला लागतो. वर्षभर आजी-आजोबांबरोबर खळ्यात निवांत पडून असलेला कुत्रा, आणि मुंबईहून येणारी चार-पाच नातवंडं. "तायनू, आमचो टायगर गेल्या वर्षी बाळाच्या अंगार गेल्लो, यंदा काय करूया?" मे महिन्यात दुसरी लाट येते.

मी देवगड तालुक्यात राहते. पशुवैद्य नाही, ट्रेनरही नाही. आमच्या खंड्याने माझ्या पुतण्याला चावा घेतला, तेव्हापासून मी या विषयात ओढली गेले. डॉक्टरांना विचारून घेतलेलं, वाचलेलं आणि लोकांच्या पडवीत बसून पाहिलेलं असं इथे एकत्र लिहून ठेवते आहे. इंजेक्शनांच्या बाबतीत शेवटचा शब्द डॉक्टरांचाच.

कुत्रा आत्ताच चावला आहे. आधी काय करू?

मुलाला नळाखाली न्या. नळ नसेल तर विहिरीच्या मोटरचा पाइप, तोही नसेल तर कोणीतरी तांब्याने पाणी ओतत राहा. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावा. मूल रडत असताना पंधरा मिनिटं संपता संपत नाहीत, आणि आपण तीन मिनिटांत "झालं" म्हणून मोकळे होतो. रेबीजचा विषाणू साबणाने मरतो, त्यामुळे ही पंधरा मिनिटं औषधाच्याच तोलाची आहेत.

हळद, चुना, तिखट, खोबरेल, कॉफीची पूड यातलं काहीही जखमेत भरू नका. फडक्याने घट्ट आवळू नका. मग त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. सरकारी दवाखान्यात रेबीजची लस फुकट मिळते. जखम तोंडावर, मानेवर, बोटांवर असेल किंवा खोल असेल तर थेट मोठं रुग्णालय गाठा आणि निघण्याआधी फोन करून "इम्युनोग्लोब्युलिन (लसीशिवाय जखमेत द्यायचं औषध) आहे का" हे विचारा. रक्त बंद होत नसेल तर १०८.

तोवर दुसऱ्या कोणीतरी कुत्र्याला एका खोलीत बंद करावं. मारू नका, त्या वेळी त्याचा काही उपयोग नसतो.

आमच्या कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस देतो. मग मुलाला इंजेक्शनं कशाला?

कुत्र्याचं लसीचं कार्ड बरोबर न्या, डॉक्टरांना दाखवा, पण कार्ड आहे म्हणून घरी बसू नका. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीज झालेला माणूस जवळपास कधीच वाचत नाही. इथे कार्डावर भरवसा ठेवून जुगार खेळण्यासारखं काही नाही.

डॉक्टर जखमेचे तीन वर्ग करतात. न फाटलेल्या कातडीवर नुसतं चाटलं असेल तर धुणं पुरतं. ओरखडा आहे पण रक्त नाही, तर लस. रक्त आलं, किंवा डोळ्या-तोंडाला लाळ लागली, तर लस आणि शिवाय जखमेत व भोवती इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन. लस अंगात काम सुरू करायला काही दिवस घेते, तोवर हे औषध जखमेच्या जागीच विषाणू अडवून धरतं. पहिल्या दिवशी ते मिळालं नाही, तर लस सुरू केल्यापासून सात दिवसांच्या आत घेता येतं. तेवढ्यासाठी दुसऱ्या तालुक्यात जावं लागलं तरी जा.

स्नायूत लस दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. बऱ्याच सरकारी दवाखान्यांत ती कातडीत देतात, तेव्हा ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. शून्य म्हणजे पहिलं इंजेक्शन घेतलं तो दिवस. चाकरमान्यांसाठी एक सूचना: पहिला डोस गावात आणि पुढचे डोंबिवलीत असं चालतं, फक्त केसपेपर हरवू नका. गौरी-गणपतीच्या गडबडीत हाच कागद हरवतो.

पोटातली चौदा इंजेक्शनं विसरा, ती जुनी लस भारतात बंद होऊन दोन दशकं उलटली. पथ्यही काही नाही. लस चालू असताना मासे खाल्ले तर चालतात, हा प्रश्न मला लसीपेक्षा जास्त वेळा विचारला जातो.

"दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवा" म्हणजे नेमकं काय करायचं?

कुत्र्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू लक्षणं दिसण्याच्या जेमतेम काही दिवस आधीपासून असतो. चावल्यानंतर दहा दिवस कुत्रा धडधाकट राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात आणि उरलेले डोस थांबवायचे की पुरे करायचे ते डॉक्टर ठरवतात.

म्हणून हे दहा दिवस कुत्रा घरात, बंदिस्त, डोळ्यांसमोर असायला हवा. कोणाला देऊन टाकू नका, सोडू नका आणि रागाच्या भरात संपवूही नका, कारण मग लक्ष ठेवायला काही उरतच नाही. खाणं सोडलं, आवाज बदलला, लाळ गळायला लागली, पाय लटपटले, लाकूड-माती चावायला लागला किंवा अंधारात जाऊन लपला, तर जवळ न जाता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक आहे.

तो अचानक चावला हो. आधी कसलंच लक्षण नव्हतं.

मीही हेच म्हणत होते.

गणपतीचा दुसरा दिवस. पडवीत बाकाखाली खंड्या पडलेला. मी समोरच बसून अळू चिरत होते. सकाळपासून दोनदा फटाक्यांची माळ झाली होती, भजनवाले नुकतेच उठले होते. पुतण्या, तेव्हा सहा वर्षांचा, हातात मोदक घेऊन बाकाजवळ उकिडवा बसला. खंड्याने तोंड दुसरीकडे वळवलं. पोरगा पुढे सरकला. खंड्याने ओठांवरून जीभ फिरवली आणि उठून बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेला. पोरगाही पालथा होऊन मागोमाग आत. खंड्याने जांभई दिली. मी हसून म्हटलंसुद्धा, "बघ, त्याला झोप आलीय." मग तो ताठ झाला, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसायला लागलं. पोराने एका हाताने त्याचा कान धरला आणि दुसऱ्या हाताने मोदक तोंडाला लावला.

गालावर दोन दात, मनगटावर एक.

तोंड वळवणं, ओठ चाटणं, उठून जाणं, झोप नसताना जांभई, ताठ होणं, पांढरं दिसणं. अर्ध्या मिनिटात त्याने सहा वेळा "नको" म्हटलं होतं. गुरगुर एवढी एकच भाषा आपल्याला कळते, आणि ती करायला त्याला वेळच मिळाला नाही. लहान मुलांना चावा बहुतेक तोंडावर, डोक्यावर किंवा मानेवर बसतो, कारण त्यांचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्याच उंचीला असतं. चावणारा कुत्राही बहुतेकदा ओळखीचाच असतो.

गुरगुरला तर दटावायचं नाही का?

नाही. गुरगुरणं म्हणजे घराला बसवलेली घंटा. काठी दाखवून ती बंद केलीत, तर राग तसाच राहतो, फक्त आवाज जातो. पुढचा चावा मग खरोखरच न सांगता येतो. गुरगुरला की मुलाला शांतपणे बाजूला घ्या, कुत्र्याला वेगळं करा आणि तो कशावर गुरगुरला ते कॅलेंडरवर तारखेसमोर लिहून ठेवा. महिनाभरात त्यात काहीतरी नक्की दिसतं.

इतकी वर्षं गरीब होता. आताच का असा झाला?

सगळ्यात आधी दुखणं शोधा. आपल्याकडच्या पावसात कान कुजतात, हे मी अनुभवाने सांगते. खंड्याला चावल्यानंतर दाखवलं तर दोन्ही कानांत काळा, घाण वासाचा मळ आणि आत सूज. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना तर जून ते सप्टेंबर हा त्रास ठरलेलाच. मी रोज त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होते, कान कधी उलटा करून पाहिला नव्हता. गोचिडीचा ताप, दाताचं गळू, म्हातारपणी आखडलेली कंबर, मोतीबिंदूमुळे बाजूने येणारं मूल न दिसणं, यातलं काहीही असू शकतं. पशुवैद्याने दात, कान, सांधे आणि डोळे तपासल्याशिवाय "स्वभाव बिघडला" म्हणू नका.

दुसरं कारण आपणच घडवलेलं असतं. वानरांवर धावून जाणाऱ्या कुत्र्याचं आपण कौतुक करतो. कोणी धावलं, किंचाळलं, झाडावर चढलं की त्याच्यामागे सुटायचं, आणि मग घरची माणसं शाबासकी देतात, हे तो वर्षभर शिकतो. मे महिन्यात तीच धावपळ नि तोच चित्कार शहरातून आलेली पोरं करतात. कुत्र्याने फरक कशावरून करावा?

तिसरं म्हणजे खाणं. परसात मासे साफ करताना बांगड्यांची डोकी कुत्र्यासमोर टाकायची आणि तिथेच मुलं खेळत असायची, हे दृश्य घरोघरी दिसतं. एरवी मांजराला अंगावर झोपू देणारा कुत्रा बांगड्याच्या डोक्यासाठी माणसाला चावू शकतो. खाणं वेगळ्या जागी, दार लावून. मुलांनी उरलेलं उचलायला जायचं नाही.

आमच्याकडे बाळ आल्यापासून तो बाळावर जळतो.

जळत नाही, घाबरतो किंवा गोंधळतो. पण हा वाद घालण्यात अर्थ नाही, कारण दोन्ही बाबतीत करायचं तेच: बाळ आणि कुत्रा एका खोलीत असतील तर दोघांच्या मध्ये जागं मोठं माणूस हवं. फोनवर बोलणारं माणूस त्यात मोजायचं नाही.

कुठला चावा किती गंभीर, हे कसं ठरवायचं?

इयन डनबार नावाच्या पशुवैद्याने चाव्यांच्या सहा पायऱ्या केल्या आहेत, जगभरचे ट्रेनर त्याच वापरतात. पहिली: अंगावर आला, दात लागले नाहीत. दुसरी: दात लागले, कातडी फुटली नाही. तिसरी: एकदाच चावला, एक ते चार भोकं, सुळ्याच्या निम्म्यापेक्षा कमी खोल. चौथी: निम्म्यापेक्षा खोल, किंवा धरून झटका दिलेला, आजूबाजूला काळंनिळं. पाचवी: पुन्हा पुन्हा खोल चावे. सहावी: मृत्यू.

पहिल्या दोन पायऱ्यांवरचे बहुतेक कुत्रे नीट वागवले तर सुधारतात. तिसरीवर घरातल्यांची शिस्त किती आहे त्यावर सगळं अवलंबून. चौथीपासून पुढे मुलं असलेल्या घरात मी कोणालाही "ठेवा" असं सांगत नाही. कुत्रा मोठ्या अंगाचा असेल तर तिसरीलाच सावध व्हा. सुळा चार मिलिमीटर रुतला तर दंडावर आणि दोन वर्षांच्या पोराच्या मानेवर त्याचा अर्थ एकच होत नाही.

मग ठेवायचा की नाही? एक काय ते सांगा.

फोनवर सगळ्यांना हे एक वाक्य हवं असतं. ते मी देऊ शकत नाही, पण हिशेब कसा मांडायचा ते सांगते. कुत्रा चांगला की वाईट, चूक पोराची की त्याची, हे प्रश्न आधी बाजूला ठेवा. माझ्या दिराने आणि मी त्यावर दोन रात्री भांडून काढल्या, हाती काही लागलं नाही.

आधी चावा बघा, वरच्या पायऱ्यांप्रमाणे. मग तो सूचना देतो का बघा. गुरगुरणारा, उठून जाणारा कुत्रा तुम्हाला वेळ देतो, शांतपणे बघत राहून एकदम तुटून पडणारा देत नाही. मग कारण कळलंय का आणि ते दाराआड करता येतं का, हे बघा. "कान धरला की चावतो" हे दाराआड करता येतं. "मूल दिसलं की अंगावर जातो" हे मूल असलेल्या घरात कसं करणार?

आणि यानंतरचा हिशेब लोक करतच नाहीत. दार कोण लावणार? तुम्ही म्हणता, आम्ही सगळे लक्ष ठेवू. घरातला सगळ्यात विसराळू माणूस धरा आणि वर्षातला सगळ्यात धावपळीचा दिवस धरा. आरती चालू आहे, झांजा वाजतायत, पाहुणे आत-बाहेर करतायत, लाइट गेलीय, आणि कोणीतरी पाणी आणायला म्हणून मागचं दार उघडून गेलंय. त्या दिवशी त्या माणसाच्या हातून दार उघडं राहिलं तर जास्तीत जास्त काय होईल? उत्तर "पोर घाबरेल, ओरखडा येईल" असं असेल तर ठेवायचा विचार करा. उत्तर बोलायचीही हिंमत होत नसेल, तर निर्णय तुमचा तुम्हीच घेतलेला आहे, फक्त माझ्याकडून ऐकायचा आहे.

ठेवायचा ठरवलं. रोजचं काय बदलायचं?

दोन अडथळे. एक दार चुकून उघडं राहतंच, म्हणून कुत्रा आणि मुलं यांच्यामध्ये नेहमी दोन असू द्या: खोलीचं दार आणि फाटक, किंवा फाटक आणि साखळी. नुसती साखळी हा उपाय नव्हे. सतत बांधलेला कुत्रा जास्त चिडका होतो आणि मूल त्याच्या टप्प्यात कधी गेलं ते कळत नाही. बांधावंच लागत असेल तर साखळी पूर्ण ताणून जिथवर पोचते तिथे चिऱ्याचे तुकडे लावून गोल आखा. मुलांना "कुत्र्याजवळ जाऊ नको" समजत नाही, "चिऱ्याच्या आत पाय नाही" समजतं. फिरवणंही चुकवू नका. कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवलंच नाही तर कायद्याने तो क्रूरपणा ठरतो.

रात्री बाहेर बांधून मोकळं व्हायचं, असं आपल्या भागात करू नका. बिबट्या साखळीवरचाच कुत्रा उचलतो. पडवीत जाळीची बंद खोली करा.

मझल, म्हणजे कुत्र्याचं मुसकं, घ्यायचं तर टोपलीसारखं जाळीचं घ्या. कापडी पट्टीचं नको. कुत्रा जिभेने धापा टाकून अंग थंड ठेवतो, आपल्या दमट हवेत तोंड आवळून ठेवलं तर तो गुदमरेल. जाळीच्या मुसक्यातून पाणी पिता येतं. गणपतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. आत खाऊ ठेवून, आपल्या आपण तोंड घालेल अशी दोन-तीन आठवडे सवय लावा.

आणि सणाचे दिवस. शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा ढोल येण्याआधी तासभर कुत्रा मागच्या खोलीत, पंखा चालू, चघळायला हाड. चतुर्थीच्या आदल्या दिवशी, चाकरमानी बॅगा उतरवत असताना कुत्र्याची ओळख करून द्यायची नाही. "ये, ये, बघ कोण इला" हे आजोबांचं लाडकं वाक्य, तेवढं दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवा.

नसबंदी केली की शांत होतो ना?

भटकणं आणि इतर कुत्र्यांशी भांडणं कमी होतात. भीतीने किंवा दुखण्याने चावणाऱ्यात फारसा फरक पडत नाही. करा, पण हा उपाय म्हणून नको.

ट्रेनर बोलवू का?

आपल्या भागात मिळणं कठीण, मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्याहून बोलवावा लागतो किंवा व्हिडिओ कॉलवर भेटावा लागतो. एकच चाचणी लावा. "मालक कोण ते त्याला दाखवायला हवं" म्हणत गळ्यात काट्यांचा पट्टा घालणारा आला, तर चहा द्या आणि परत पाठवा. मारलेला कुत्रा मोठ्यांना घाबरतो आणि मुलांवर काढतो. चांगला माणूस आधी दवाखान्याचे कागद मागतो आणि तासभर नुसते प्रश्न विचारतो.

कलमाच्या बागेत राखणीला दिला तर? तिथे पोरंबाळं नसतात.

असतात. आंब्याच्या हंगामात बागेत राहणारे राखणदार बरेचदा नेपाळी कुटुंबं असतात, आणि त्यांची मुलं कलमांखालीच वाढतात. मला माहीत असलेला एक कुत्रा असाच "मोकळ्या हवेत" गेला आणि तीन महिन्यांत राखणदाराच्या मुलीला चावला. तो आधी चावला होता हे त्या माणसाला कोणी सांगितलंच नव्हतं. मालकांच्या पोराला चावू नये म्हणून राखणदाराच्या पोरापाशी नेऊन ठेवणं, याला मी तोडगा म्हणत नाही.

कुत्रा दुसऱ्याला देता येतो. मुलं नसलेलं, मुलं येत-जात नसलेलं, समजून-उमजून घेणारं घर मिळालं तर उत्तमच. पण सगळं खरं सांगून, शक्य तर लिहून: कधी, कोणाला, कसा चावला, लसीचं कार्ड आणि कानाचं औषधसुद्धा. खरं सांगितल्यावर कोणी घ्यायला तयार होत नसेल, तर त्यातच एक उत्तर आहे.

बंदरावर सोडून आलो तर? तिथे मासळी खाऊन जगेल.

घाटात, बंदरावर, दुसऱ्या गावच्या तिठ्यावर. लोक हे करतात आणि मला फोनवर मोठ्याने सांगतातही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ प्रमाणे उपासमार होईल अशा रीतीने प्राण्याला टाकून देणं गुन्हा आहे. विष घालून मारणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली येतं, पाच वर्षांपर्यंत कैद. आणि ठेवून निष्काळजीपणा केला तर कलम २९१, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा सोडा. बंदरावरही कोळणींची पोरं असतात.

ग्रामपंचायतीला "घेऊन जा" म्हणणाऱ्यांसाठी: २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत ते रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी करून त्यांना परत त्याच जागी सोडण्यासाठी. तुमचा कुत्रा तुमचीच जबाबदारी.

इंजेक्शन देऊन संपवणं हे पाप नाही का?

पापपुण्याचं मला सांगता येणार नाही. पाहिलेलं सांगते.

शेजारच्या वाडीत एक मोठा संकर कुत्रा होता, चार वर्षांचा, घरात दोन वर्षांची नात. एका वर्षात तीन चावे, तिन्ही न गुरगुरता, तिसरा चौथ्या पायरीचा, तोही घरच्याच बाईला. दोन पशुवैद्यांनी तपासलं, दुखणं सापडलं नाही. सहा महिने त्यांनी दारं सांभाळली. आजोबा त्या काळात दुपारचे झोपले नाहीत. शेवटी डॉक्टर घरी आले. आधी गुंगीचं इंजेक्शन, तो नेहमीच्या पोत्यावर आजोबांच्या मांडीला डोकं लावून झोपला. मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. काही मिनिटांत झालं. त्याला काही कळलं नसावं. आजोबांना सगळं कळत होतं. फणसाच्या झाडाखाली पुरला.

चावल्यानंतरचे दहा दिवस पुरे झालेले असावेत, दुखणं तपासून झालेलं असावं आणि पशुवैद्याशी बोलणं झालेलं असावं. तेवढं झालं असेल तर या निर्णयाबद्दल कोणालाही जाब द्यायची गरज नाही. गावात बोलणारे बोलतात. त्यातले निम्मे आधी "मारून टाका त्याला" म्हणत होते.

घरातली वडील माणसं ऐकतच नाहीत. "तो काय करूचो नाय" म्हणतात.

आजीचं म्हणणं खरंच आहे, तिला तो काही करत नाही. तिच्याशी कुत्र्याबद्दल वाद घालू नका, कुत्र्याचं काम तिच्याकडे द्या. आमच्याकडे सासूबाईंना सांगितलं, मुलं घरात असताना खंड्याच्या खोलीची कडी तुमच्या ताब्यात, तुमच्याशिवाय कोणी उघडायची नाही. त्या दिवसापासून त्या आमच्यापेक्षा कडक झाल्या. मला दोनदा ओरडा खावा लागला.

सून म्हणून तुम्हाला बोलता येत नसेल तर पशुवैद्याला घरी बोलवा आणि त्यांच्या तोंडून वदवा. डॉक्टरांचं ऐकतात.

मुलांना काय शिकवायचं?

कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, किंचाळायचं नाही. माड व्हायचं: जागेवर उभं, हात अंगाशी, नजर आपल्या पायांकडे. पडलात तर धोंडा व्हायचं: गुडघे पोटाशी, हात मानेमागे, तोंड खाली. खळ्यात खेळ म्हणून घ्या, "माड!" म्हटलं की सगळी थांबली पाहिजेत. जेवणारा, झोपलेला, बांधलेला आणि पिल्लांपाशी असलेला कुत्रा, या चौघांना हात लावायचा नाही. पाच वर्षांखालच्या मुलावर हे शिकवून विसंबू नका. ते पाठ म्हणून दाखवतं आणि पाठोपाठ शेपूट ओढतं.

चावल्यापासून मूल कुत्र्याचं नाव काढलं तरी रडतं.

जबरदस्तीने जवळ नेऊ नका, "बघ, त्याला सॉरी म्हणायचंय" असलं काही करू नका. काय झालं ते त्याला हवं तेव्हा, हवं तितक्यांदा सांगू द्या. झोपेत दचकणं, अंथरूण ओलं करणं महिनाभर टिकलं तर बालरोगतज्ज्ञांना सांगा. माझा पुतण्या वर्षभर खळ्यात उतरला नाही. पुढच्या वर्षी ओट्यावर बसून खंड्याला लांबून नावाने हाक मारली. तेवढ्यावरच आहे, आणि आम्ही कोणी त्याला पुढे ढकलत नाही.

तुमच्या खंड्याचं पुढे काय झालं?

ठेवला. तिसरी पायरी, एकच चावा, कारण कळलेलं, कान बरे झाले. वर्षातले सुमारे तीस दिवस मुलं असतात, ते तीस दिवस तो कडीच्या आत असतो. आम्हा दोघांपैकी एकाला आरती चुकते. दिराला हा निर्णय पटलेला नाही. तो येतो, पण पहिल्या दिवशी घरभर फिरून कड्या बघतो. त्याने बघाव्यातच.

ते फाटक कसं करून घेतलंत?

उंची चार फूट, कारण गावठी कुत्रा तीन फुटांवरून सहज जातो. आमच्याकडे फणसाच्या फळ्या पडून होत्या, त्याच वापरल्या. उभ्या पट्ट्या, आडव्या नकोत, आडव्यांवर पोरं चढतात. खालचे दोन फूट पूर्ण बंद, म्हणजे मुलाचा हात आत जात नाही आणि कुत्र्याचं नाक बाहेर येत नाही. बिजागऱ्या पितळी किंवा स्टेनलेस, खाऱ्या हवेत लोखंडी दोन पावसाळ्यांत जातात. आपोआप मिटण्यासाठी स्प्रिंग. कडी बाहेरून, फाटकाच्या पार वरच्या टोकाला. आमच्या सुताराने पहिल्यांदा ती पोरांच्या हाताला येईल अशी बसवली होती. काढून वर घेतली, खालच्या स्क्रूची चार भोकं अजून तशीच आहेत.